अध्यक्षांच्या आईचा डोळा

नवरा समाजसेवेला लागला की सगळ्यात आधी घरातली जागा कमी होते. आमच्या आरमोरीच्या घरात हे जुलैपासूनच सुरू झालं. त्या वर्षी हे गावातल्या समाजसेवी क्लबचे अध्यक्ष झाले होते. आधी अंगणात रोपं आली. मग ओसरीवर शाळेच्या दप्तरांचे गठ्ठे आले. मग बेडरूममध्ये ब्लँकेटं आली, आणि पलंगाखाली वजन करायची दोन यंत्रं आली. त्यातलं एक सगळ्यांचं वजन सारखंच दाखवायचं. फ्रिजच्या मागे बॅनर गुंडाळून उभे केलेले असायचे. दूध काढायला गेलं की एखादा अंगावर यायचा, उलगडायचा, आणि त्यातून माझेच यजमान माझ्याकडे हात जोडून बघायचे.

आमचं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे, मी शाळेत शिकवते. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या घरी आजारपण आहे असं कळलं तर गल्ला उघडा टाकून धावणारा आहे. पण अध्यक्ष झाल्यापासून त्यांना नुसतं धावता येईना. धावायच्या आधी बॅनर लागायचा, बॅनरवर पाहुण्यांचा फोटो लागायचा, आणि फोटोतल्या पाहुण्यांची तारीख लागायची. तारखेपाशी येऊन सगळं घोडं अडायचं.

पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांना हे लोक 'सीझन' म्हणायचे. आमच्या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, सीझन म्हटलं की कुणालाही नाटकं आठवतात. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, घरोघर उतरलेले पाहुणे, आणि रात्रभर नाटक. पण क्लबचा सीझन वेगळा. त्यात पहिलं यायचं वृक्षारोपण. चारी बाजूंनी जंगल असलेल्या तालुक्यात आम्ही दरवर्षी झाडं लावतो, आणि तीही मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात. क्लबचे खजिनदार चपलांचे व्यापारी आहेत, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळे. ते मला म्हणाले, "भाभी, इस गड्ढे को भी मेंबर बना लेते हैं. हर साल हाजिर रहता है."

ब्लँकेटवाटपाचं तर नावच काढू नये. जवळच्याच एका गावात सकाळी आठला कार्यक्रम ठेवला होता. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना शाळेच्या पटांगणात ओळीने बसवलं. "पाहुणे निघाले," असा फोन आला. क्लबच्या भाषेत पाहुणे निघाले म्हणजे पाहुणे आंघोळीला गेले, हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं. पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. एका आजोबांच्या अंगावर ब्लँकेट घातलं, फोटो नीट आला नाही म्हणून काढून घेतलं, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा ते घामाने निथळत होते. म्हणाले, "आता राहू द्या जी अंगावर. नाईतर देता तरी कशाले?" सगळे हसले, आणि त्या हसण्याचा फोटो मात्र छान आला. मी ओवाळणीचं ताट धरून उभी होते. अध्यक्षांच्या बायकोला क्लबमध्ये हेच काम असतं. ताट धरायचं, रांगोळी काढायची आणि चहा पुरला नाही तर ओशाळायचं.

हे सगळं मी सोसलं असतं. माझं डोकं फिरलं ते माझ्या सासूबाईंच्या डोळ्यावरून.

त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्याला त्या डोरा म्हणतात, हे डोया म्हणतात, गावाकडच्या बोलीत ळ कुठे टिकत नाही. तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायच्या, माणूस पावलांवरून ओळखायच्या. एकदा दुपारी ओसरीत बॅनर उलगडून वाळत ठेवला होता, तर त्याच्यासमोर थांबून विचारू लागल्या, "जेवला का गा?" बॅनरने काही उत्तर दिलं नाही. "रागावला जनू," म्हणून आत निघून गेल्या. मला हसू आलं, आणि मग मी तो बॅनर गुंडाळून ठेवला.

तक्रार करणाऱ्या बाई नव्हेत त्या. त्यांचं मागणं एकच होतं, भावाचं नाटक एकदा डोळ्यांनी बघायचं. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठचं, घरची मंडळी नदीवर आणि तळ्यावर मासे धरणारी. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, दिवसभर जाळं टाकणार आणि मंडईच्या रात्री नाटकात खलनायक होणार. गावातल्याच लोकांनी बसवलेलं नाटक असतं. बायकांची कामं करायला तेवढ्या बाहेरून नट्या आणतात. मामांच्या खलनायकाची आसपासच्या गावांत दहशत आहे. लहान पोरं दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मासेसुद्धा घ्यायला जात नाहीत. गेली काही वर्षं सासूबाई पुढच्या रांगेत बसून ते नाटक नुसतं ऐकत होत्या. भाऊ हसला की हसायच्या, भाऊ ओरडला की शेजारणीला विचारायच्या, "आता का करून राह्यला तो?" आणि त्या वर्षी मामांनी निरोप धाडला होता की गुडघे साथ देत नाहीत, हे शेवटचं. पुढच्या वर्षीपासून पोरं करतील.

"मंडईच्या आधी माहा डोरा होईन ना?" असं त्यांनी मला श्रावणातच विचारलं होतं. त्यात काय अवघड होतं? ब्रह्मपुरीला बसने गेलं की दवाखाना आहे, सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परत. मी तारीखसुद्धा बघून ठेवली होती.

पण क्लबला मोतीबिंदूचं मोफत शिबिर भरवायचं होतं, आणि आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, "आईचं आपरेशन आपल्या शिबिरात होईन. पयला पेशंट माही आई."

मी म्हटलं, "अहो, शिबिराचा पत्ता नाही अजून."

"तारीख भेटूनच राह्यली. आन् इचार कर जरा. अध्यक्षाची आई प्रायव्हेटमध्ये, आन् लोकायच्या आया शिबिरात? लोक का म्हणतीन? माही आई पयले बसली तं बाकीच्यायची भीती मोडते."

आता हे बोलणं खोटं नव्हतं. खेड्यातली माणसं डोळ्याला हात लावू देत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. ऐकायला इतकं चांगलं वाटलं की मी ब्रह्मपुरीची तारीख सोडून दिली. सासूबाईंना तर अभिमानच वाटला. मुलाने सांगितलं होतं की तू आमची पहिली लाभार्थी. तो शब्द त्यांनी असा काही धरला की विचारू नका. त्यांच्या समजुतीप्रमाणे लाभार्थी हे त्या दुखण्याचंच नाव होतं. दारात येणाऱ्या बायांना सांगायच्या, "मले दोन्ही डोऱ्यात लाभार्थी हाये. तुले एकातच हाये का?" मी शाळेत मराठी शिकवते, तरी मी त्यांना दुरुस्त केलं नाही. एकूण क्लबचा कारभार बघता अर्थ फार चुकला आहे असं मला वाटेना.

शिबिर आधी गणपतीनंतर होणार होतं. ज्या मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करायचं, ते क्लबचेच वरचे पदाधिकारी, नागपूरचे. ते परदेशी गेले होते. मग दसऱ्यानंतर ठरलं, तर त्यांच्या घरी लग्न निघालं. डॉक्टर तयार, दवाखाना तयार, पेशंटांना तिथे न्यायची बससुद्धा तयार. सगळ्यांचे डोळे पिकून बसलेले, आणि फक्त रिबन कापणारा हात मोकळा नाही! मी एकदा म्हटलं, "कात्री माझ्याकडे आहे, मी कापते." तर हे चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. क्लबचं कामकाज बायकांना कळत नाही, असं त्यांचं मत पडलं.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याच बैठकीत सभा भरली. मी आत पोहे परतत होते. यांनी आनंदाने सांगितलं की नागपूरच्या साहेबांनी एकदाची तारीख दिली. खजिनदारांनी तारीख ऐकली आणि म्हणाले, "भाई, उस दिन तो नदीवाले गांव की मंडई है. आजूबाजू के दस गांव वहां जाते हैं. पब्लिक कहां से लाओगे?"

"मंडई रात्री असते," हे म्हणाले. "शिबिर दिवसा हाये."

"मंडई दिनभर रहती है. आप तो वहीं के भांजे हो, आपको मालूम नहीं क्या?"

माहीत होतं. लहानपणी प्रत्येक मंडईला मामाच्या खांद्यावर बसून फिरलेला माणूस हा. झाडीपट्टीत जन्मलेल्या माणसाने मंडईच्या दिवशी कार्यक्रम ठेवायचा म्हणजे किती बुद्धी गहाण पडलेली असावी! पण साहेबांना दुसरा दिवस नव्हता. सभेत ठराव पास झाला आणि पोहे संपले.

मी मागे वळून बघितलं तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ऑपरेशन झालं तर मंडई गेली. नाही झालं तर मंडईला जाऊन उपयोग नाही. दोन्हीकडून दार बंद. मला वाटलं, आता तरी मुलाला काही बोलतील. त्या खाली बसल्या, पुढ्यातलं तांदळाचं सूप ओढलं आणि म्हणाल्या, "मंग यंदा बी आयकूनच घेऊ."

मला इतका राग आला की मी चहाखालचा गॅस बंद करायला विसरले. राग कुणाचा, ते सांगता येणार नाही. यांचा होता, त्या नागपूरच्या साहेबांचा होता, आणि थोडा सासूबाईंचाही होता. इतकं कसं गप्प बसवतं एखाद्या बाईला?

दिवाळी उरकताच क्लबचा ताफा अहेरीकडे निघाला. उरलेली ब्लँकेटं वाटायची होती, मुक्काम होता. यांची गाडी चौकातून वळली आणि मी शाळेत रजेचा फोन केला. सासूबाईंना म्हटलं, "आई, लुगडं बदला. ब्रह्मपुरीला जायचं आहे."

"बाबूले इचारलं?"

"नाही विचारलं."

त्यांनी हातातलं तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "नवं नेसू का जुनं?"

बसमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. नदीचा पूल आला तेव्हा खिडकीतून गार वारा आला. "पानी हाये का गं भरपूर?" असं त्यांनी विचारलं. आहे म्हटलं. ऑपरेशन झालं तेही इतक्या पटकन, की मला बाहेर बाकावर बसून धड काळजीही करता आली नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "केस पिकले वं तुहे." सून म्हणून इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडून हीच एक तक्रार ऐकावी लागली. परत येताना पूल आला, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. काळ्या चष्म्यातून पाण्याकडे बघत बसल्या.

हे अहेरीहून आले ते थकून, गळ्यात अजून सत्काराचा दुपट्टा. आईच्या डोळ्यावरचा काळा चष्मा बघून दारातच थांबले.

"हे का हाये?"

"झालं ऑपरेशन," मी म्हटलं.

मग जे व्हायचं ते झालं. पत्रिका छापायला गेली होती. त्यात 'प्रथम लाभार्थी: अध्यक्षांच्या मातोश्री' असं ठळक अक्षरात होतं. साहेबांना कळवून झालं होतं. आता लोकांना तोंड कसं दाखवायचं? मी म्हटलं, "आईंना दाखवा आधी. कधीपासून नीट बघितलं नाही त्यांनी ते." हे तणतणत मोरीत गेले. हात-पाय धुऊन आले, चहा घेतला, आणि आईच्या चष्म्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"एकच डोया केला ना?"

"एका वेळी एकच करतात."

"मंग दुसरा हाये ना शिल्लक! तो शिबिरात करू. पत्रिका बदलाची गरज नाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. आईचा एक डोळा शिबिरासाठी राखून ठेवणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. सासूबाई मान हलवत राहिल्या. ती मान होकाराची की नकाराची, ते यांनी विचारलं नाही. हो असंच धरून चालले.

मंडईच्या दिवशी हे पहाटेच शिबिराच्या हॉलवर गेले. जाताना मला बजावून गेले, आईला अकरापर्यंत घेऊन ये. सासूबाई तोवर नवं लुगडं नेसून तयार होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ सांभाळा, चष्मा काढू नका, बाकी खुशाल जा. आम्ही दोघी बाहेर पडलो. चौकातून उजवीकडे वळलं की हॉल. सासूबाई डावीकडे वळल्या, बस स्टँडकडे. मीही मागोमाग वळले. त्या माझ्यापुढे चालत होत्या, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी स्वतः चुकवला.

गावात पाऊल ठेवल्यापासून त्यांचं तोंड थांबलं नाही. याचं घर कधी बांधलं, तिची सून हीच का, हे झाड कुणी तोडलं. मामा मंडपाच्या मागे दोरी ताणत होते. सासूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, चांगलं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "किती सुकला गा तू. असा खलनायक असते का?" मामांनी दोरी सोडली. एवढा दहशतवाला माणूस, बहिणीच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. नट्यांना घेऊन गाडी आली होती, त्या बघत राहिल्या. रात्री सासूबाईंनी ते नाटक पहिल्या घंटेपासून उजाडेपर्यंत पाहिलं, आणि मामा जिथे जिथे संवाद विसरले तिथे खालून सांगितला. त्यांना सगळं ऐकून पाठच होतं. पण त्याच्याही आधी, दुपार कलताना, यांचा फोन आला होता. तो मला नाटकापेक्षा जास्त लक्षात आहे.

आम्ही मामांच्या अंगणात बसलो होतो. आसपासच्या गावांतून आलेल्या म्हाताऱ्या बाया सासूबाईंभोवती गोळा झाल्या होत्या. कुणी चष्म्याला हात लावून बघत होतं, कुणी विचारत होतं दुखलं का. त्यातल्या अर्ध्या बायांच्या बुबुळांवर पांढरी साय होती. मी फोन उचलला. मागून माइकचा आवाज येत होता, कुणीतरी पाहुण्यांचा परिचय वाचत होतं.

"कुठी हायेस तू?" हे दबक्या आवाजात म्हणाले. "आई कुठी हाये? साहेब आत्ता पोचले. बस उभी हाये, हिरवी झेंडी दाखवाची हाये, आन् बशीत मोजून चार म्हातारे हायेत. त्यातला एक तं आपल्या दुकानाचा हमाल. त्याले मोतीबिंदू बी नाई."

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला.

"आई, कोणाची तरी गाडी पकड आन् ये. नुसतं बसमधी बस. झेंडी दाखवली की उतरून जा पायजे तं."

"मी कशाले येऊ बाबू? मले आता दिसते ना."

"दुसरा डोया हाये ना आई!"

"त्याले घाई नाई. एकानं भाऊ दिसला मले." त्यांनी अंगणात नजर फिरवली. माझ्या देखत त्यांनी एकेक बाई बघितली. "आन् आयक. तुले पेशंट पायजेत ना? ते सगळे इथी बसले हायेत. आज कोनी उठत नाई, आज नाटक हाये. उद्या सकारी गाडी इथी धाड. मी बसवून देईन सगळ्यायले. माह्या डोऱ्याकडे पाहून येतीन त्या."

"उद्या? उद्या कसं जमन? पाहुणे आजच हायेत ना आई!"

सासूबाईंना खरंच कळेना. फोन तोंडाजवळ नेऊन त्यांनी अगदी काळजीने विचारलं, "काऊन गा? पाहुण्याले बी मोतीबिंदू हाये का?"

अंगणातल्या बाया हसल्या नाहीत. त्याही उत्तराची वाट बघत होत्या. तिकडून नुसता माइक ऐकू येत राहिला.